मागे राहणारा हात

माणसाच्या आयुष्याची दिशा एका क्षणात बदलते, असं मोठमोठे लोक गंभीर चेहऱ्याने सांगत आले आहेत. सरांच्या बाबतीत अडचण एवढीच झाली की त्या क्षणी दिशा बदलली नाही. वळण आलं, रस्ता रीतसर वळला, कडेचे दिवे वळले, आणि सरांची गाडी तेवढी नाकासमोर सरळ जाऊन पदपथावर चढली आणि एका बंद बेकरीच्या दारापासून हातभर अंतरावर थांबली. धक्का म्हणावा तर किरकोळ. मागच्या सीटवर रचलेल्या फोमच्या फळ्या खाली घसरल्या आणि सरांचे दात एकमेकांवर आपटले. पहाटेचे पाच वाजायला दहा मिनिटं होती. बेकरीसमोरच नाकाबंदीला एक तरुण पोलीस उभा होता. त्याला धावावंही लागलं नाही, तो चार पावलं चालत आला, दार उघडलं, आणि पदपथ उंच होता म्हणून सरांचं कोपर धरून म्हणाला, "काका, हळू." मग त्याने ते छोटं यंत्र पुढे केलं. "फुंका."

इथे सरांकडून जी चूक झाली ती दुसऱ्या कुणाकडून झाली नसती. एकतीस वर्षं ते मुलांना पोहायला, म्हणजे मुख्यतः श्वास सोडायला शिकवत आले होते. घ्यायला नव्हे; घेणं जन्मल्या मुलालाही येतं. सोडणं शिकवावं लागतं. घाई करायची नाही, गाल फुगवायचे नाहीत, पोट आत ओढत बरगड्यांच्या तळाशी चिकटून बसलेली शेवटची हवा निघेपर्यंत सोडत राहायचं. सर सरळ उभे राहिले, खांदे सैल केले आणि फुंकले. यंत्र वाजलं तरी फुंकतच राहिले. "बास," पोलीस म्हणाला. सरांनी हाताने 'थांब' अशी खूण केली, कारण त्यांच्याकडे अजून शिल्लक होती. "बास झालं काका. एरवी लोक अर्धवट फुंकतात, मग तीन-तीनदा करावं लागतं. याला नेमकी शेवटची हवा लागते." त्या पहाटे, त्या अवस्थेत, सरांना घटकाभर अभिमान वाटला. मग त्याने आकडा दाखवला. दशांश चिन्ह आणि पुढे दोन अंक. असल्या अंकांसाठी सरांनी उभा जन्म घालवला होता. त्यांच्या धंद्यात आकडा जितका लहान तितका चांगला. इथेही तसंच होतं, आणि आकडा लहान नव्हता.

आता चौथ्या दिवशी दुपारी चार वाजता सर तलावाच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसले होते. हा पालकांचा बाक. इतक्या वर्षांत सर त्यावर कधी बसले नव्हते, आणि त्याची एक पट्टी मध्येच उचललेली आहे, ती बरोबर मांडीखाली येते, हे त्यांना आजच कळलं. म्हणजे इतकी वर्षं पालक निमूट टोचून घेत बसले, एकाने तक्रार केली नाही. सरांना त्या सगळ्या मांड्यांविषयी एकदम कृतज्ञता वाटली. गेले चार दिवस त्यांचं असंच चाललं होतं. ज्याच्यात्याच्याविषयी कृतज्ञता वाटायची. त्या पोलिसाविषयी, त्याने 'काका' म्हटलं याविषयी, बेकरीवाल्याने पदपथाची कड उंच बांधून घेतली होती त्याविषयी. ही भावना चांगली आहे की अजून उतरली नाही म्हणून आहे, अशी शंका त्यांना पहिल्या दिवशी आली होती. पण चार दिवसांत त्यांनी घोट घेतला नव्हता, हात थोडे थरथरत होते, जेवण जात नव्हतं आणि कृतज्ञता तशीच होती. कार्यालयाच्या दाराला पांढुरकी काच, तिच्यामागे तीन डोक्यांच्या सावल्या. दारावरच्या झडपेची काच सहा वर्षांपूर्वी फुटली होती. ती बसवावी म्हणून सरांनीच चार अर्ज केले होते. समितीने एकही मंजूर केला नाही, म्हणून आत काय चाललंय ते आज अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं. समितीचेही आभारच म्हणायचे.

आत तिघं होती. अध्यक्ष म्हणजे निवृत्त दंतवैद्य. त्यांना सगळे दातवाले म्हणत. चिटणीस विम्याचं काम करायचे. आणि पालकांच्या वतीने औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाई, ज्यांची चौदा वर्षांची मुलगी तलावातली एकुलती एक धड बटरफ्लाय पोहणारी होती. त्या मुलीला सगळे बगळी म्हणत. लांब पाय, लांब मान आणि कुणाशी फारसं न बोलता एका जागी उभं राहायची सवय.

"ते पोहायला शिकवतात," बाई म्हणत होत्या. "गाडी चालवायला शिकवत असते तर गोष्ट वेगळी होती."

"दोनदा झालंय, बाई," विमेवाले म्हणाले. "एकदा होतो तो अपघात. दोनदा होतो त्याला आमच्याकडे वेगळा फॉर्म असतो."

"पहिल्या वेळेला आपण समज दिली होती का?" दातवाल्यांनी विचारलं.

"लेखी दिली होती. तुमचीच सही आहे."

"काय म्हटलं होतं मी?"

"यापुढे असे होऊ नये."

"मग बरोबरच म्हटलं होतं," दातवाले म्हणाले, आणि थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज आला.

ते पत्र सरांच्या घरी होतं. सहा वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याला निरोप देऊन परतताना पहिल्यांदा पकडलं होतं, तेव्हाचं. सरांनी ते प्रमाणपत्रांच्या फायलीत लावलं होतं, कारण दुसरी फाईल नव्हती. ताई, म्हणजे त्यांची थोरली बहीण, निवृत्त परिचारिका, त्यांच्याकडेच राहायची. तिने एकदा झाडलोट करताना ती फाईल उघडली आणि म्हणाली, "बाळ्या, हे बरं केलंस. तिसरा क्रमांक, दुसरा क्रमांक आणि मग हे. चढता क्रम आहे." ताई कधी उपदेश करत नसे. संध्याकाळच्या बॅचनंतर अंगात मुरलेली ओल घालवायला म्हणून सुरू झालेले दोन पेले कधी चार झाले, ते तिने बघितलं होतं. ती फक्त रिकामी बाटली ओट्यावर ठेवून द्यायची, लेबल समोर करून, दुकानात ठेवतात तशी. सर सकाळी उठून ती बघत, आणि मनात हिशेब करत: अकराला शेवटचा घोट, पावणेपाचला गाडी, मध्ये पावणेसहा तास, चारशे मीटर जोरात पोहून आलेला मुलगासुद्धा तेवढ्यात आठ वेळा ताजातवाना होतो. शरीर म्हणजे शेवटी शरीरच. शिवाय क्लोरीन होतं. एकतीस वर्षांत ते त्यांच्या कपड्यांत, कातड्यात, गाडीच्या सीटमध्ये इतकं मुरलं होतं की सरांना स्वतःला दुसरा कुठलाच वास येईनासा झाला होता. फुलांचा येत नसे, जळलेल्या दुधाचा येत नसे. आपल्याला येत नाही म्हणजे कुणालाच येत नसणार, असा त्यांचा समज होता. क्लोरीनखाली सगळं झाकलं जातं. तलाव तर त्याच भरवशावर चालतो.

"मी बत्तीस वर्षं लोकांचे दात जपले," आत दातवाले सांगत होते. "माझे स्वतःचे सगळे खोटे आहेत. एका पेशंटने हरकत घेतली नाही. माणसाचं काम वेगळं, माणूस वेगळा."

"पण तुम्ही दात घेऊन कुणाच्या अंगावर गेला नाहीत," विमेवाले म्हणाले.

"तीन आठवड्यांवर स्पर्धा आलीय," बाई म्हणाल्या. "आता नवा माणूस आणला तर माझी मुलगी पाण्यात उतरायची नाही. आधीच तिचा खांदा धरलाय. सरांनी त्या खांद्यावर किती मेहनत घेतलीय ते मी बघितलंय. अशी माणसं मिळत नाहीत."

मांडीखालची पट्टी टोचली म्हणून सर थोडे सरकले. बाईंची कृतज्ञता त्यांना झडपेतून नीट ऐकू येत होती. बगळीचा खांदा हे गेल्या दोन महिन्यांतलं त्यांचं सर्वांत मोठं कोडं होतं. बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकदम बाहेर यावे लागतात आणि भिंतीला एकदम लागावे लागतात. एक आधी, एक नंतर लागला की पंच हात वर करतो आणि पोहणारी बाद. बगळीचा एक हात मागे राहायचा. केसभर, डोळ्याला दिसू नये इतका, पण राहायचा. गेल्या महिन्यात तेवढ्यासाठी ती एका शर्यतीत बाद झाली होती. सरांनी तिला काठावर आडवी झोपवून खांदा तपासला, रबराचे पट्टे दिले, भिंतीला हात टेकवून शंभर-शंभर वेळा ताण द्यायला लावला. "हा हात कशाला धरून ठेवतेस, सोड ना," असं ते रोज ओरडत. ती "हो सर" म्हणायची. सकाळी सगळ्यात वाईट असायचं, संध्याकाळी बरं. सकाळी थंडीने आखडतो, असं निदान सरांनी केलं होतं, आणि ते एका वहीत लिहूनही ठेवलं होतं.

आत ठराव लिहायला घेतला गेला. दातवाले सांगत होते, विमेवाले लिहीत होते, अधूनमधून पेन झटकत होते. सरांचे वाहन चालविणे व सरांचे प्रशिक्षणकार्य यांचा परस्परसंबंध नसल्याने त्यांना सेवेत कायम ठेवण्यात येत आहे. "एक वाक्य घालूया मग माझी हरकत नाही," विमेवाले म्हणाले. "नाहीतर उद्या कुणी विचारलं तर आपण उघडे पडू. सदर अवस्थेत त्यांनी मुलांची ने-आण कधीही केलेली नाही, असे त्यांनी समितीस स्वतः सांगितले आहे. आणि त्याखाली त्यांची सही."

"ते तर आहेच," बाई म्हणाल्या. "तेवढं कोण करेल."

सरांनी बाकाची कड धरली. मुलांची ने-आण म्हणजे जुळी. नऊ वर्षांचे भाऊ-बहीण, आईवडील दोघंही पहाटे कामाला जाणारे, म्हणून सर त्यांना त्यांच्या वसाहतीच्या फाटकापाशी घेत. घरापासून फाटकापर्यंत सहा मिनिटं, तिथून तलावापर्यंत सात. जुळी मागच्या सीटवर बसल्याबसल्या झोपत, एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून, तोंडं उघडी. त्या पहाटे गाडी फाटकाच्या दोन मिनिटं अलीकडे पदपथावर चढली होती. दोन मिनिटं म्हणजे एकशे वीस सेकंद, आणि एका सेकंदाचे शंभर भाग करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने चार दिवस दुसरं काही मोजलं नव्हतं. पण ती पहाट फक्त पकडली गेलेली होती. तिच्याआधीच्या पहाटा होत्या, त्या कुणी पकडल्या नव्हत्या. त्यातल्या एका पहाटे जुळी मागे झोपलेली असताना गाडीचा आरसा खांबाला घासून दुमडला होता, आणि सर हसून म्हणाले होते, आरसे हल्ली जरा बाहेरच काढतात. कुणाला म्हणाले होते? जुळी जागी झाली नव्हती. तलावाच्या दारात उतरताना म्हणाले होते, तिथे किल्लीची वाट बघत बगळी उभी होती तिला. तिचं घर तलावाच्या मागच्याच गल्लीत, ती रोज पायीच यायची. तिने दुमडलेल्या आरशाकडे बघितलं होतं, सरांकडे बघितलं होतं, जुळ्यांची पिशवी उचलली होती.

"सर, आत चाललंय का?"

बगळी समोर उभी होती. संध्याकाळच्या बॅचला आली होती, खांद्यावर टॉवेल, हातात पोहण्याचा चष्मा. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. तिने पट्टी चुकवली. तिला माहीत होती.

"चाललंय."

"आई काय म्हणतेय?"

"तुझी आई माझी बाजू लढवतेय."

"हं," बगळी म्हणाली. चष्म्याची पट्टी बोटाला गुंडाळली, सोडली. "त्या दिवशी आम्ही साडेपाचपर्यंत फाटकापाशी थांबलो. मग चालत आलो. किल्ली तुमच्याकडे. जुळी पायरीवर बसून डब्यातलं सगळं खाऊन बसली."

"अगं, तू फाटकापाशी का जातेस पण?" सरांनी विचारलं. हा प्रश्न दोन महिन्यांपूर्वीच विचारायला हवा होता हे त्यांना तो तोंडातून बाहेर पडताना कळलं. आरशाच्या दुसऱ्याच दिवशी बगळी म्हणाली होती, सर, मीपण फाटकापाशी येते, गाडीतून जाऊ. तलावाच्या मागे राहणारी मुलगी रोज पहाटे आठ मिनिटं उलटं चालत जाऊन सात मिनिटं गाडीतून परत येत होती. सरांना वाटलं होतं, मुलीला गाडीची हौस. पुढेच बसायची. मागे जागा असली तरी पुढे.

"मी पुढे का बसायचे असं वाटलं तुम्हाला?"

"पाय लांब आहेत म्हणून."

"तेही आहे," बगळी म्हणाली. मग थोडा वेळ ती पाण्याकडे बघत राहिली, तिथे अजून कुणी उतरलं नव्हतं आणि लेनच्या दोऱ्या सरळ पडून होत्या. "मामाने शिकवलं मला. त्याला सांगितलं, शाळेत प्रकल्प आहे. हँडब्रेक हळू ओढायचा. एकदम ओढला की गाडी गोल फिरते. आधी बटण दाबायचं, मग थोडा, मग थोडा."

तिने हवेतच मूठ वळून दाखवली.

"रोज नव्हतं लागत. दार उघडल्यावर कळायचं. ज्या दिवशी वास यायचा त्या दिवशी धरून ठेवायचे. नसला तरी धरायचे, सवय झाली."

आता सरांना तो हात दिसला. दोन सीटच्या मध्ये, दप्तराचा पट्टा सोडून ठेवलेला, मूठ मिटलेली. रोज दिसत होता. गिअर बदलताना त्यांच्या बोटांना तिच्या बोटांची हाडं लागायची आणि ते म्हणायचे, हात सैल सोड गं, पाण्यात जायचंय. एकदा तर त्यांनी त्या मुठीवर गमतीने टिचकी मारली होती. सात मिनिटांनी खांदा आखडत नाही. कुठल्याही पुस्तकात तसं लिहिलेलं नाही. आखडतो तो दुसऱ्या कशाने तरी, आणि त्याला रबराचा पट्टा नसतो. ज्या शरीरातला केसभर फरक ते पन्नास मीटरवरून ओळखायचे, ते शरीर वीतभर अंतरावर बसून त्यांना सगळं सांगत होतं, आणि ते वहीत लिहीत होते: थंडीने. सरांच्या डोळ्यांसमोर जुळ्यांची उघडी तोंडं आली. ही मुलगी कुणाला काही बोलली नव्हती. आईला नाही, त्यांना नाही. सरांची नोकरी जाईल म्हणून बोलली नव्हती का, असं विचारावंसं त्यांना वाटलं, पण त्याचं उत्तर आलं असतं तर ते घेऊन कुठे बसायचं हे त्यांना कळेना. चार दिवस सगळीकडे सांडत चाललेली ती कृतज्ञता, पोलीस, कड, पट्टी, झडप, आता एकदम एका जागी येऊन उभी राहिली आणि छातीत मावेना. लाज होतीच, पण लाजेपेक्षा ती मोठी होती, आणि सरांना तिचंच नवल वाटलं.

"तुम्ही आत सांगणार का?" बगळीने विचारलं.

"काय?"

"तेच."

"तुला काय वाटतं?"

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "मला फक्त उद्यापासून उशिरा उठायचंय."

दार उघडलं. "या सर," विमेवाले म्हणाले, आणि बगळीला बघून, "तू जा बाळ, कपडे बदल." ती गेली नाही.

आत टेबलावर ठराव पडलेला होता, शेवटच्या वाक्याखाली बोटभर जागा सोडलेली. दातवाल्यांनी तो खर्जातल्या आवाजात वाचला, जणू कुणाचा सत्कार आहे. बाईंनी पेनाचं टोपण काढून पेन सरांपुढे केलं. खोलीत दोन कपाटं, त्यांवर एकतीस वर्षांतले चषक, बहुतेक तिसऱ्या क्रमांकाचे. सरांना या खोलीबाहेर फारसं काही नव्हतं. पाण्याच्या काठावर ते कुणीतरी होते. काठापासून दहा पावलं दूर गेलं की गुडघे दुखणारे एक गृहस्थ होते, आणि घरी बाळ्या. त्यांनी पेन घेतलं आणि ठरावाच्या बाजूला ठेवलं.

"हे वाक्य खरं नाही," ते म्हणाले.

"कुठलं?"

"शेवटचं. मी मुलांना नेलंय. तशा अवस्थेत."

झडपेतून बाहेरच्या पाण्याचा आवाज आला.

"किती वेळा?" विमेवाल्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं, हे सरांनी मनात नोंदवून ठेवलं.

"मोजलं नाही. सगळं मोजतो, हे मोजलं नाही. दोन महिन्यांत आठ-दहा वेळा असेल. त्याआधीचं सांगता येणार नाही." मग सर बाईंकडे वळले. हे त्यांना पाठ केल्यासारखं एका दमात बोलायचं होतं. पण तेही जमलं नाही. "तुमच्या मुलीला कळलं होतं. ती जुळ्यांसाठी म्हणून गाडीत बसायची. पुढे. हँडब्रेकवर हात ठेवून. रोज. तिला रागावू नका. तिने कुणाला सांगितलं नाही हे तिचं चुकलं, असं मला आत्ता म्हणवत नाही. पण ते तिच्यावर यायलाच नको होतं. तो हात तिथे राहतो. तो खांदा."

बाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांना राग आला असावा, पण चेहऱ्यावर यायला त्याला वेळ लागत होता.

"मी तिला मलम चोळत होते," त्या शेवटी म्हणाल्या. "दोन महिने. दुकानातलं सगळ्यात भारी."

दातवाल्यांनी चष्मा पुसला.

"मी धावायला पाठवत होते तिला पहाटे," बाई म्हणाल्या. "ती म्हणायची, आई, मी आधी निघते, जरा धावते. मी म्हणायचे, बघा किती मनापासून करते." त्यांनी टेबलावरचं पेन उचललं, टोपण लावलं. "यांना काढा. आज. ती जुळी नऊ वर्षांची आहेत."

"बाई, जरा विचार—"

"मी विचार केला होता. मगाशी. तो चुकीचा होता." मग सरांकडे न बघता त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही सही केली असतीत तर मी आणखी तीस वर्षं तुम्हाला नमस्कार करत राहिले असते." हे कौतुक होतं की काय होतं, ते सरांना समजलं नाही. पण त्यांच्याशी इतकं खरं कुणी बऱ्याच दिवसांत बोललं नव्हतं.

दातवाल्यांनी त्याच कागदावर 'कायम ठेवण्यात' हे शब्द खोडून वर 'मुक्त करण्यात' असं लिहिलं. परस्परसंबंध नसल्याने, हे खोडायचं राहिलं. त्यामुळे सरांचे वाहन चालविणे व प्रशिक्षणकार्य यांचा परस्परसंबंध नसल्याने त्यांना सेवेतून मुक्त करण्यात आलं. विमेवाल्यांनी ठराव मांडला. अनुमोदन कोण देतंय, असं अध्यक्षांनी सवयीने विचारलं, आणि बाईंच्या आधी सरच "मी देतो" म्हणाले. त्यांना मताचा अधिकार नव्हता, हे विमेवाल्यांनी लक्षात आणून दिलं. तरी इतिवृत्तात ते तसंच गेलं.

सरांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. शिट्टी गळ्यातून काढली, पण ती त्यांची स्वतःची होती, म्हणून परत घातली, मग बरी दिसेना म्हणून खिशात टाकली. बाहेर बगळी अजून बाकावर बसली होती. झडप तिच्याही डोक्यावरच होती. ती उठली. सर काहीतरी बोलतील म्हणून ती थांबली, आणि सरांना बोलायचं होतं, फार बोलायचं होतं, पण एकतीस वर्षांत मुलांशी बोलायची त्यांची एकच भाषा तयार झाली होती.

"आता हात सैल सोड," ते म्हणाले.

"हो सर," बगळी म्हणाली, आणि तिची आई दारात आली तशी तिच्याकडे गेली. मागे काय झालं ते सरांनी वळून बघितलं नाही. फक्त बाईंचा आवाज ऐकू आला, "चल, आधी काहीतरी खाऊन घे," आणि त्या आवाजात रागावणं नव्हतं.

गाडी पोलिसांकडे, परवाना पोलिसांकडे. सर तलावाच्या आवारातून बाहेर पडले आणि सवयीने खिशातलं स्टॉपवॉच दाबलं. ऊन उतरत होतं. औषधाचं दुकान, शाळेची भिंत, एक चप्पल दुरुस्त करणारा, जुळ्यांचं फाटक, मग ती बेकरी. बेकरी दिवसा उघडी असते हेही त्यांनी कधी बघितलं नव्हतं. आत दिवे होते, काचेआड पाव होते, आणि पदपथाच्या कडेला टायरचा काळा ओरखडा होता. ते तिथे थोडा वेळ उभे राहिले. कुणाला नमस्कार करायचा ते ठरेना, तेव्हा आत जाऊन त्यांनी एक पाव घेतला. या थांबण्याचा वेळ वजा केला तर घरी पोचायला अकरा मिनिटं चाळीस सेकंद लागली. गाडीने तेरा लागायची. मध्ये एकेरी रस्ता होता.

ताईने दार उघडलं, पावाकडे बघितलं, त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"काढलं?"

"काढलं."

"बरं," ताई म्हणाली. "हात धुऊन ये." ओट्यावर काही ठेवलेलं नव्हतं. तो रिकामा ओटा बघून सर तिथेच स्टुलावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. ताईने पाव कापला, आणि त्यांच्या हाताची थरथर दिसत असूनही चहाचा कप पूर्ण भरून दिला, कारण नर्सच्या नोकरीत तिने थरथरणाऱ्या माणसांना अर्धा कप देणाऱ्या खूप जणी बघितल्या होत्या आणि तिला त्यांचा राग होता.

स्पर्धेच्या दिवशी सर बसने गेले आणि सर्वांत वरच्या पायरीवर, खांबाआड बसले. बगळीसोबत तलावावरचा जीवरक्षक आला होता. तो तीन आठवडे मुलांना वहीतून वाचून शिकवत होता, वही सरांचीच. जुळी टाळ्या वाजवायला आली होती. बगळी पाण्यात झेपावली तेव्हा सरांनी तिचा श्वास मोजला नाही, वेळ लावली नाही, फक्त हात बघितले. दोन्ही एकदम बाहेर येत होते, एकदम आत जात होते. शेवटच्या भिंतीला ते एकाच क्षणी लागले. पंचाने हात वर केला नाही.

आठ जणींत ती सहावी आली.